धाब्यावरचं गवत

त्या वर्षी सप्टेंबर संपत आला तसे अप्पा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून आभाळ बघायला लागले. खिडकी सिंगापूरच्या चोआ चू कांगमधली, अकराव्या मजल्यावरची. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. हेझ, म्हणजे इथलं दरवर्षीचं धुरकं, आला होता, समोरचा ब्लॉक पुसट झाला होता आणि घरभर जळका वास होता. कुणीतरी बांध जाळतंय, असं अप्पा म्हणायचे. हा समुद्रापलीकडचा धूर आहे, असं मी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

त्यांना घरी जायचं होतं आणि मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. उन्हाळ्यापासून आमचं हेच चाललं होतं. मोठ्यानं मात्र दोघंही काही बोलत नव्हतो.

घर म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, महाराष्ट्र उत्तरेला संपतो तिथलं. दोन खोल्या, पुढे ओटा, अंगण आणि वर धाबं. इथल्या लोकांना धाबा म्हटलं की तंदुरी रोटी आठवते, म्हणून सांगते: आमच्याकडे धाबं म्हणजे घराचं सपाट मातीचं छत. लाकडांवर काटक्या, काटक्यांवर खारी माती चोपून बसवलेली. उन्हाळ्यात त्याखाली गार वाटतं. पण पावसाळ्यात त्याच मातीवर गुडघाभर गवत उगवतं. पाऊस ओसरला की ते मुळासकट उपटावं लागतं, नाहीतर मुळं आत शिरतात, माती फाटते आणि पुढच्या पावसात धार थेट चुलीवर पडते.

दसऱ्याच्या आधीच्या त्या दिवसांत आमच्या घरात कुणाला बसायला सवड नसायची. बाजरीची कणसं खुडून आलेली असायची. अंगणात उडदाच्या शेंगा वाळत पडायच्या आणि ऊन चढलं की आपोआप तडतडायच्या. तिळाच्या पेंढ्या भिंतीला उभ्या टेकवायच्या, कारण आडव्या ठेवल्या की तीळ सांडतो. हस्त लागला की दादर पेरायची घाई. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, तिच्या भाकरीपुढे अप्पांना जगातलं दुसरं काही गोड लागत नाही. संध्याकाळी आम्ही गल्लीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर खाऊ ओळखत फिरायचो आणि आपापल्या घरी आलो की शेंगा सोलायला बसवल्या जायचो.

आणि धाब्यावरचं गवत. ते अप्पांचं काम. ते वर आणि आई खाली शिडी धरून. अंगण शेणानं सारवलेलं असलं की शिडीचा पाय सरकतो, त्यामुळे धरायला माणूस हवंच. आई दोन्ही हातांनी शिडी धरायची, एक पाऊल शिडीच्या पायाला अडवून ठेवायची आणि वर बघत अप्पांना सूचना द्यायची. त्या कोपऱ्यातलं राहिलं, एवढं पुढे जाऊ नका, तुमच्या डोळ्यांना झालंय काय. हे सगळं अहिराणीत. माझ्याशी दोघं मराठी बोलायचे, शाळेत अडायला नको म्हणून. अहिराणी त्यांची आपापसातली. उपटलेलं गवत गावात बाकी सगळे खाली फेकून देतात. अप्पा ते धाब्याच्याच एका कोपऱ्यात मुळं वर करून रचायचे. मुळं उन्हात मेली की मग खाली टाकायचे, म्हणजे अंगणात पुन्हा धरत नाही. आई याला अप्पांची वेणीफणी म्हणायची.

अप्पा इथे आले त्याच्या आदल्या वर्षी आईनं फोनवर सांगितलं होतं की अप्पांना वर चक्कर आली. खाली उतरायचा धीर होईना, म्हणून ऊन कलेपर्यंत ते तिथेच बसून राहिले आणि ही खाली शिडी धरून उभी. मी ऑफिसच्या पॅंट्रीत हे ऐकलं आणि दोघांवरही ओरडले. स्लॅब टाकू, मी सगळं बघते, असं मी दरवर्षी म्हणायचे. स्लॅबखाली माणूस भाजून निघतं, असं अप्पा दरवर्षी म्हणायचे. शेवटी आई हसली आणि म्हणाली, मी आहे ना धरायला.

वैशाखात आई गेली. दुपारी चहा गाळायला उठली आणि चुलीपाशीच बसली, ती उठली नाही. मी एकुलती एक. दिवस झाल्यावर घराला कुलूप लावलं, शेत बटाईनं, म्हणजे वाट्यानं कसायला, दिलेलं होतंच, आणि अप्पांना इथे घेऊन आले. त्यांनी विरोध केला नाही. विरोध करायला लागतो तेवढा जीवच त्यांच्यात उरला नव्हता.

सिंगापूरमध्ये माणसाला करायला काही नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मी इथे इतकी वर्षं धावतेच आहे. सकाळी रॅफल्स प्लेसची एमआरटी ट्रेन, दिवसभर दुसऱ्यांच्या कंपन्यांचे ताळेबंद, संध्याकाळी परत. नवरा जकार्तात, शनिवारी येतो आणि रविवारी जातो. मुलगी सहावीत, तिची पीएसएलई तोंडावर आलेली, आणि या देशात त्या परीक्षेच्या वर्षी घरात कुणी मोठ्यानं शिंकतही नाही. आम्हाला कामं पुरत नव्हती आणि अप्पांना एक मिळत नव्हतं. पहाटे उठून ते अंथरुणाची घडी घालायचे. कॉरिडॉर झाडायचे, शेजारच्या चिनी आजीच्या दारासमोरचाही. तिनं हात जोडून नको नको केलं तेव्हा तेही बंद झालं. मग खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, दगडी बाकावर जाऊन बसायचे. तिथे इतर म्हातारे पटावर सोंगट्या हलवायचे. अप्पा त्यांच्याकडे नाही, तर त्यांच्या पलीकडे कापलेल्या हिरवळीकडे बघत बसायचे.

ऑगस्टपासून त्यांचं जेवण उतरलं. दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. मी दादरचं पीठ शोधत लिटल इंडिया पालथं घातलं, साधं ज्वारीचं मिळालं, तेही कडवट. डॉक्टरकडे नेलं. रक्त ठीक, हृदय वयाच्या मानानं ठीक. उठताना रक्तदाब पडतो, म्हणून चक्कर येते, उंचावर मात्र चढू देऊ नका. डॉक्टरांनी एवढं सांगितलं आणि माझ्या हाती कारण आलं. बघा, डॉक्टरच म्हणाले, असं मी टॅक्सीत तीनतीनदा बोलले. अप्पा म्हणाले, "मग मी काय करू, माय?" आमच्याकडे बाप लेकीला माय म्हणतो. मी टॅक्सीवाल्याला एसी कमी करायला सांगितलं.

मला भीती वाटत होती, ती साधी होती. ते गेले तर धाब्यावर चढणार. न चढणं त्यांना जमणार नाही. आणि खाली कुणी नसेल. बटाईदाराला मी फोन केला होता, तो हो ताई म्हणाला होता. पण त्या दिवसांत त्याचे हात कापसात गुंतलेले असतात, हे मलाही माहीत होतं. इथे ठेवले तर ते माझ्यासमोर झिजत होते. रोज रात्री ताटातली उरलेली भाकरी मी झाकून ठेवायचे आणि सकाळी टाकून द्यायचे. एकदा ती टाकताना मी चक्क डब्यावर लाथ मारली. लेकीनं अभ्यासाच्या टेबलावरून वळून पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

दसरा काढायचं माझ्याच डोक्यात आलं. आमच्याकडे घट बसायच्या आधी सगळं घर धुऊन काढतात, त्याला दसरा काढणं म्हणतात. भांडी, फडताळं, कपडे आणि मुख्य म्हणजे अंथरूण-पांघरूण. घरात एकही गोधडी न धुतलेली राहता कामा नये. गावात बैलगाडीत भरून सगळं नदीवर न्यायचे. अप्पांना मी सहज म्हणाले की आईला जाऊन वर्ष झालं नसलं तरी घट बसवायचाच ना, मग इथे दसरा कोण काढणार, मला तर वेळ नाही. त्यांनी चमकून पाहिलं. कुळाचार चुकवायचा नसतो, म्हणाले. त्या रात्री ते अख्खी भाकरी जेवले.

पुढचे दिवस घरात वेगळाच माणूस वावरत होता. पंख्यांची पाती पुसली गेली. दिवाणखान्यातल्या शोभेच्या पितळी समईला चिंच लागली. फ्रिज पुढे ओढून मागची भिंत धुतली गेली, ती फ्लॅट घेतल्यापासून कुणी पाहिली नव्हती. स्टूलवर चढायचं नाही, एवढी एकच अट मी घातली होती आणि ती ते पाळत होते. मग गोधड्यांचा नंबर लागला. आईनं आपल्या जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या गोधड्या मी दर खेपेला सामानातून आणायचे. या हवेत पांघरायला कुणाला लागतात, पण आणायचे. अप्पांचा वॉशिंग मशीनवर विश्वास नव्हता. बाथरूमच्या फरशीवर साबणाचं पाणी करून ते गोधडी तुडवायला लागले, नातीला हाक मारली आणि तीही पुस्तक टाकून आत गेली. दोघं एकमेकांचे हात धरून गोधडीवर नाचत होते. मी दारात उभी राहून हसले. वाटलं, जमलं. राहतील आता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून लवकर निघाले. लिफ्टकडे जाताना नेहमीसारखी नजर वर गेली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या नळ्यांत बांबू खोचलेले होते. इथे कपडे असेच वाळत घालतात, बांबूवर, खिडकीबाहेर. पण कुणी त्यावर ओली गोधडी घालत नाही. आमच्या तिन्ही बांबूंवर गोधड्या होत्या आणि बांबू धनुष्यासारखे वाकले होते. आईची हिरवी, जांभळी, काळी चंद्रकळा, सगळी लुगडी अकराव्या मजल्यावर लोंबत होती. पावसाचे थेंब सुरू झाले होते. आणि खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेले अप्पा मधला बांबू दोन्ही हातांनी आत ओढत होते.

मी हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. ढग गडगडत होते. बांबू सुटला तर खाली कुणाचं डोकं फुटेल, हे कळत होतं आणि त्याचं मला काहीही वाटत नव्हतं. मला फक्त तो पांढरा सदरा दिसत होता. लिफ्ट येईना. मी बटण दाबत राहिले. माणसं किती सावकाश लिफ्टमधून बाहेर पडतात, हे त्या दिवशी पाहिलं.

दार उघडंच होतं. अप्पा अजून खिडकीत होते आणि माझी मुलगी खिडकीखाली फरशीवर बसून, दोन्ही हातांनी त्यांचे पाय घोट्यांपासून आवळून, गाल त्यांच्या पोटरीला दाबून होती. डोळे गच्च मिटलेले. मी अप्पांच्या कमरेला मिठी घालून त्यांना मागे ओढलं, बांबूही आत आला आणि आम्ही तिघं ओल्या गोधडीसकट खाली बसलो. ओढाओढीत गोधडी मधोमध फाटली होती. अर्धी माझ्या हातात होती, अर्धी खाली झुडपांवर जाऊन पडली होती.

मुलीला विचारलं, हे काय करत होतीस. "आजोबा सेड आजी ऑलवेज होल्ड द लॅडर," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "सो आय होल्ड, लाह."

मी तिला जवळ घेतलं आणि अप्पांवर तुटून पडले. पोरीचा तरी विचार करायचा होता, ती तुम्हाला धरून ठेवणार होती का, तुम्ही पडला असतात तर मी काय करायचं होतं. जे जे चार महिने गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं. जेवत नाही, बोलत नाही, मी काय कमी करते तुमच्यासाठी. अप्पा ऐकत होते. त्यांच्या हातात फाटक्या गोधडीची कड होती, हिरव्या लुगड्याचा तांबडा काठ, आणि तो ते सरळ करत होते. माझं संपल्यावर ते बोलले, आणि माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा अहिराणीत बोलले.

"माले घर जानं शे," ते म्हणाले. मला घरी जायचं आहे.

मग मराठीत, समजूत घातल्यासारखं, ते म्हणाले, "इथं तुला दोन माणसं सांभाळावी लागतात, माय. तिथं मी फक्त घर सांभाळीन."

त्या संध्याकाळी मी खाली जाऊन झुडपावरची अर्धी गोधडी काढून आणली. ती हातात घेतली तरी चिरत होती. आणताना रडले, मनसोक्त. लिफ्टमध्ये एक बाई होती, तिनं मला टिश्यू दिला. त्यांना जगवायला आणलं होतं आणि मीच त्यांना अकराव्या मजल्याच्या खिडकीत चढवलं होतं, कारण त्यांना काम हवं होतं आणि मला ते हवे होते. रात्री जेवताना मी सांगितलं की तिकीट काढते. मी येऊ शकत नव्हते, मुलीची परीक्षा होती, नवरा जकार्तात. अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. आनंद दाखवला नाही, तेवढी दया त्यांनी केली.

चांगी विमानतळावर मी त्यांना शपथ घालणार होते, पण आमच्या घरात शपथ घालत नाहीत. नुसतं म्हटलं, धाब्यावर चढायचं नाही, बटाईदार माणूस लावेल. "नाही चढत," ते म्हणाले. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलानं त्यांना वळवलं. मांडीवर पिशवी होती, तिच्यातून तांबड्या काठाची गुंडाळी डोकावत होती. फाटक्या गोधडीवरून त्यांनी तो उसवून घेतला होता. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाले होते, काठ चांगला आहे अजून, कामाला येईल.

रोज संध्याकाळी फोन करायचा, असं ठरलं. आवाज बदलला होता. दोन भाकरी जेवलो, म्हणायचे. दादर पेरली गेली, तीळ झोडपला. धाब्याचं विचारलं की बटाईदार बघतोय, म्हणायचे. मी बटाईदाराला विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं काय ते कळलं असतं.

नवरात्रात एकदा त्यांनी व्हिडिओ लावला. पांढऱ्या मातीनं भिंत पोतारली होती, ती मला दाखवायची होती. फोन हातात धरून ते अंगणात मागे मागे सरकले, भिंत दिसली, खरंच छान झाली होती. आणि भिंतीच्या वर धाब्याची कड दिसली. स्वच्छ. गवताची एक काडी नाही. कोपऱ्यात एक ढीग होता, नीट रचलेला, आणि सगळी मुळं वर.

"अप्पा," मी म्हटलं, "शिडी कोणी धरली होती?"

फोन हलला. "धरली होती," ते म्हणाले.

फोन हलला तेव्हा मला शिडी दिसली. ती अजून भिंतीला लावलेलीच होती. खालच्या पायरीला आणि बैलाच्या जुन्या खुंट्याला वेढे देऊन काहीतरी बांधलं होतं, तांबडं. आईचं ते हिरवं लुगडं मी लहान असल्यापासूनचं. ती ते कापूस वेचायला नेसायची, धुऊन धुऊन त्याचा दोरा न् दोरा विरला होता. ते कापड किती वजन पेलतं हे मला माहीत होतं, अर्धं माझ्या हातातच फाटलं होतं.

मुलगी पलीकडे टेबलावर गणितं करत होती. हेझ ओसरला होता, खिडकीबाहेरच्या नळ्यांत बांबू नव्हते. अप्पांनी विचारलं, जेवलीस का, माय. मी हो म्हटलं. आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे गवत उगवणार नाही, तेवढीच मला उसंत आहे.